गुस्ताव होल्स्ट ऐकायचा कसा: 'प्लॅनेट्स'पासून 'सावित्री'पर्यंत

गुस्ताव होल्स्ट (1874–1934) हे नाव बहुतेकांना 'द प्लॅनेट्स' या एकाच रचनेमुळे ठाऊक असते, आणि तीही अर्धीमुर्धी. मंगळाचा दणदणाट, गुरूच्या मधली ती भरदार चाल, बस. याच इंग्रज संगीतकाराने संस्कृतचे धडे घेतले, ऋग्वेदातली सूक्ते इंग्रजीत आणून त्यांना चाली लावल्या, कालिदासाच्या 'मेघदूता'वर रचना केली आणि वनपर्वातल्या सावित्रीवर अर्ध्या तासाचा ऑपेरा लिहिला. मराठी श्रोत्याला तो दोन दारांनी भेटतो: एक ग्रहांचे, दुसरे संस्कृतचे. दोन्हींकडून आत जाता येते, पण क्रम चुकला की दोन्हीकडे निराशा होते. म्हणून हा चार बैठकींचा मार्ग. प्रत्येक बैठक तासाभराच्या आतली आहे.

ऐकण्याआधीची तयारी

होल्स्टच्या संगीतात हळू आणि मोठ्या आवाजातले अंतर प्रचंड आहे. सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. 'मार्स', म्हणजे 'प्लॅनेट्स'मधला मंगळ, अगदी दबक्या आवाजात सुरू होतो. ऐकू येत नाही म्हणून आपण आवाज वाढवतो आणि पाच मिनिटांनी कानठळ्या बसतात. मग घाबरून आवाज कमी केला की 'नेपच्यून' ऐकूच येत नाही. उपाय उलटा आहे: 'मार्स'चे शेवटचे एक मिनिट आधी लावा, तो आवाज सहन होईल इतपत ठेवा आणि नंतर संपूर्ण रचनेत त्याला हात लावू नका. सुरुवात पुसट वाटली तर ती पुसटच लिहिलेली आहे.

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. 'सॅटर्न'च्या (शनीच्या) सुरुवातीची डबल बास या खर्जातल्या तंतुवाद्याची चाल आणि 'नेपच्यून'मधले ऑर्गनचे खर्जातले स्वर त्यातून येतच नाहीत. कान पूर्ण झाकणारे हेडफोन किंवा साधे बरे स्पीकर पुरेत. ॲपमध्ये तीन गोष्टी बंद करा: सगळ्या गाण्यांचा आवाज एकसारखा करणारी सोय, एक गाणे दुसऱ्यात मिसळणारी सोय, आणि आपोआप पुढचे गाणे लावणारी सोय. तिसरी सर्वांत महत्त्वाची. 'नेपच्यून' विरत विरत शांततेत जातो, आणि नेमक्या त्याच क्षणी ॲपने भलतेच काही वाजवले तर पन्नास मिनिटांची मेहनत वाया जाते. शेवटच्या दहा मिनिटांसाठी पंखाही बंद ठेवा. त्याची घरघर त्या आवाजांपेक्षा मोठी असते.

शोधताना ओपस क्रमांक, म्हणजे संगीतकाराच्या रचनेला दिलेला अनुक्रमांक, टाका. 'प्लॅनेट्स' म्हणजे ओपस 32, 'सावित्री' ओपस 25. ऋग्वेदावरच्या दोन वेगळ्या रचनासंचांची सतत गल्लत होते: ओपस 24 म्हणजे एक आवाज आणि पियानो यांच्यासाठीची नऊ गाणी, आणि ओपस 26 म्हणजे गायकवृंदाची सूक्ते, तीही चार गटांत. क्रमांक न पाहता ऐकायला बसलात तर हवे होते त्याहून वेगळेच काही लागते.

पहिली बैठक: शाळेतला होल्स्ट

थेट ग्रहांकडे जाऊ नका. आधी 'सेंट पॉल्स स्वीट' ऐका (स्वीट म्हणजे छोट्या भागांची मालिका). फक्त तंतुवाद्ये, चार भाग, सुमारे तेरा मिनिटे. लंडनच्या हॅमरस्मिथ भागातल्या सेंट पॉल्स मुलींच्या शाळेत होल्स्टने 1905 पासून मरेपर्यंत संगीत शिकवले. शाळेने 1913 मध्ये संगीताची नवी इमारत उभारली आणि तिच्यात त्याला बाहेरचा आवाज आत येऊ न देणारी एक खोली दिली. ही रचना त्या शाळेच्या वाद्यवृंदासाठी केलेली आहे.

यात दोन जागी कान ठेवा. दुसऱ्या भागाचे नावच 'ऑस्टिनाटो', म्हणजे पुन्हापुन्हा वाजणारी एकच आकृती. व्हायोलिनचा एक गट चार स्वरांची छोटी आकृती अखंड फिरवत राहतो आणि वरची चाल तिच्यावरून मोकळी जाते. पहिल्यांदा ऐकताना चाल सोडा आणि फक्त ती आकृती धरून ठेवा. नगम्यावर तबला ऐकलेल्या कानाला हे जमते. होल्स्टच्या सगळ्या मोठ्या रचनांची किल्ली इथे आहे: खाली काहीतरी न हलणारे, वर काहीतरी वाट शोधणारे.

दुसरी जागा शेवटच्या भागातली. 'डार्गासन' नावाची एक जुनी इंग्रजी नाचाची चाल आहे. ती आठ मापांची (माप म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट, इंग्रजीत 'बार'), आणि तिला शेवट असा नाहीच. संपता संपता पुन्हा सुरू होते. ती धावत असतानाच चेलोंमध्ये 'ग्रीनस्लीव्ह्ज' ही प्रसिद्ध संथ चाल शिरते. दोन्हींची चलने वेगळी असूनही त्या एकत्र चालतात. चेलो कुठे आत आले ते पकडता आले की समजा, पुढच्या बैठकीची तयारी झाली. नाही आले तर तो भाग पुन्हा लावा. तीन-चार मिनिटांचाच आहे.

वेळ असेल तर बँडसाठीचा 'फर्स्ट स्वीट इन ई फ्लॅट' (1909) जोडा. सुमारे अकरा मिनिटांचा आहे. होल्स्ट स्वतः ट्रॉम्बोन वाजवून पोट भरत असे. कार्ल रोझा ऑपेरा कंपनीत आणि स्कॉटिश ऑर्केस्ट्रात त्याने नोकरी केली. मूळ ओढ पियानोची, पण उजव्या हाताच्या मज्जातंतूंच्या दुखण्याने तो मार्ग बंद झाला. वाद्यवृंदात मागच्या रांगेत बसून काढलेली ती वर्षे त्याच्या लेखनात दिसतात: पितळी वाद्यांना काय पेलते आणि काय शोभते हे त्याला आतून माहीत आहे. या स्वीटचा पहिला भाग आठ मापांच्या एकाच चालीवर उभा आहे. ती चाल सुरुवातीला खालच्या पितळी वाद्यांत एकटी ऐकू येते, तेव्हाच मनात धरून ठेवा. पुढे ती उलटीही वाजते.

दुसरी बैठक: 'द प्लॅनेट्स'

सात भाग, सुमारे पन्नास मिनिटे, 1914 ते 1917 या काळात लिहिलेले. हे खगोलशास्त्र नव्हे. 1913 मध्ये लेखक क्लिफर्ड बॅक्सबरोबरच्या प्रवासात होल्स्टला फलज्योतिषाची गोडी लागली आणि प्रत्येक ग्रहाचा स्वभाव हा त्याचा विषय झाला. म्हणूनच पृथ्वी यात नाही. क्रमही सूर्यापासूनच्या अंतराचा नाही: मंगळ, शुक्र, बुध, गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून. मात्र आपले ज्योतिष इथे लावू नका. त्याचा शनी साडेसातीवाला नाही, तो वार्धक्य घेऊन येणारा आहे. आणि होल्स्टला सातांत तोच सर्वांत प्रिय होता.

घरात पेटी असेल तर ती जवळ घ्या (पांढरी 1 म्हणजे इंग्रजी 'सी'). पुढचे निम्मे मुद्दे बोटांनी लगेच कळतात.

मंगळ म्हणजे 'मार्स' पाच मात्रांत आहे. खालचा ठेका असा म्हणून पाहा: तकिट, धा, धा, तक, धा. पाच मात्रा, आठ ठोके: पहिल्या मात्रेत तीन, चौथीत दोन, बाकीच्यांत एकेक. झपतालाचे विभाग लावायला जाऊ नका. झपताल 2-3-2-3 असा चालतो, इथली ओढ 3 आणि 2 अशी आहे. सुरुवातीला व्हायोलिनवाले गज उलटा करून त्याच्या लाकडाने तारांवर ठोके मारतात, त्यामुळे तो कोरडा, हाडे वाजल्यासारखा आवाज येतो. सगळे ठोके एकाच स्वरावर, पांढरी 5 वर. आता त्यावर येणारी चाल पेटीवर वाजवा: पांढरी 5, वरच्या सप्तकातली पांढरी 2, मग लगेच काळी 1. पांढरी 5 ला षड्ज माना, म्हणजे हे होते सा, प, तीव्र म. आपला कान पंचमावर विसावायला जातो आणि होल्स्ट तिथून त्याला अर्ध्या स्वराने खाली ढकलतो. 'मार्स'मधली सगळी भीती त्या एका अर्ध्या स्वरात आहे, ढोल-नगारे नंतरचे. मधल्या भागात ठेका थांबतो आणि पाचांचेच चलन जड पावलांनी येते. शेवटी तो ठेका मोडतो, त्याचे तुकडे अनियमित पडतात. तिथे मोजणे सोडून द्या.

शुक्र ('व्हीनस') एका हॉर्नच्या चढत्या चार स्वरांनी सुरू होतो. ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन इथे गप्प आहेत. बुध ('मर्क्युरी') चार मिनिटांचा, सर्वांत छोटा, आणि सर्वांत शेवटी लिहिलेला. त्यात दोन षड्ज एकमेकांवर चढतात, त्यामुळे पाय टेकत नाही. हा भाग एकदा ऐकून हाती लागत नाही, त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही.

गुरू ('ज्युपिटर') ऐकताना बहुतेक जण मधल्या चालीची वाट पाहत बसतात आणि आधीचे नाच वाया घालवतात. ती चाल अशी, काळी 2 ला षड्ज मानून: ग प ध, सां नि प, सां रें सां नि, ध नि ध, प ग. सगळे शुद्ध स्वर, आणि या पहिल्या ओळीत मध्यमच नाही. पुढे 1921 मध्ये सेसिल स्प्रिंग राइसच्या कवितेला हीच चाल लागली आणि ती इंग्लंडचे देशभक्तिगीत बनली. समारंभातले ते गीत आधी कानावर पडलेले असेल तर इथे एक फरक मुद्दाम ऐका: मूळ रचनेत चाल शेवटच्या मुक्कामाला पोहोचतच नाही. ती पूर्ण होण्याआधीच पुन्हा नाच सुरू होतो. गीतात ती षड्जावर सुखरूप येते. होल्स्टने ते सुख इथे दिलेले नाही, आणि आमच्या मते 'ज्युपिटर' त्यामुळेच टिकला.

शनीला घाई नको. दोन सुरावटी लंबकासारख्या आळीपाळीने येत राहतात, खाली डबल बासची चाल. मग ट्रॉम्बोनचे संथ चालणे, हळूहळू चढत जाऊन घंटांच्या गजरापर्यंत. तो गजर ओसरल्यावरची तीन मिनिटे हा भागाचा गाभा आहे. इथे फोन हातात घेतला तर सगळे गेले.

युरेनस ('युरेनस, जादूगार') चार जोरदार स्वरांनी उघडतो. पेटीवर, सप्तक कोणतेही धरा: पांढरी 5, काळी 2, पांढरी 6, पांढरी 7. जर्मन स्वरनामांत काळी 2 ला 'एस' आणि पांढरी 7 ला 'हा' म्हणतात, म्हणून हे चार स्वर जी, एस, ए, एच असे वाचता येतात: गुस्तावमधली अक्षरे आणि होल्स्टचे पहिले अक्षर. मग तीच आकृती वेगाने ट्यूबांत, मग थेट टिंपनी या मोठ्या नगाऱ्यांवर. जादूगार मंत्र टाकण्याआधी आपले नाव उच्चारतो आहे असे समजून ऐका. शेवटाजवळ ऑर्गनवर एक झपाट्याने चढणारी घसीट आहे. ती ध्वनिमुद्रणात कधी स्पष्ट असते, कधी वाद्यवृंदात बुडते.

नेपच्यूनसाठी पुन्हा पेटी. पांढरी 7 दाबून ठेवा. तिच्यासोबत आधी पांढरी 3 आणि पांढरी 5 वाजवा, मग त्या सोडून काळी 4 आणि काळी 2. पुन्हा पहिल्या. हे दोन स्वरसमूह आलटून पालटून म्हणजे 'नेपच्यून'चे जग. मधला एक स्वर स्थिर, भोवतालचे सगळे सरकणारे. अख्खा भाग हळू आवाजातच वाजवायचा असा आदेश आहे. शेवटी बायकांचा गायकवृंद येतो, शब्दांशिवाय. होल्स्टची सूचना अशी की हा वृंद शेजारच्या खोलीत, श्रोत्यांना न दिसेल असा बसवावा, खोलीचे दार उघडे ठेवावे आणि शेवटच्या मापाला ते सावकाश, आवाज न करता बंद करावे. ते शेवटचे माप अंतरात विरून जाईपर्यंत पुन्हापुन्हा गायचे. म्हणून 'नेपच्यून' नक्की कोणत्या सेकंदाला संपला ते सांगता येत नाही, आणि तसेच अपेक्षित आहे.

कोणते ध्वनिमुद्रण घ्यावे? पहिल्यांदा संचालक एड्रियन बोल्ट आणि लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंद, 1978. हाच बोल्ट 29 सप्टेंबर 1918 रोजी लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये पहिल्या खासगी सादरीकरणाला संचालक म्हणून उभा होता. तो खर्च होल्स्टचा मित्र बाल्फर गार्डिनरने उचलला होता. बोल्टकडे घाई नाही आणि देखावाही नाही. मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकबरोबर 1971 मध्ये केलेले ध्वनिमुद्रण अधिक झगमगीत आहे. त्यातले पितळी वाद्यांचे काम ऐकण्याजोगे. होल्स्टने स्वतः लंडन सिम्फनीबरोबर 1926 मध्ये केलेले ध्वनिमुद्रणही मिळते. आवाज जुना, पण चाल बरीच जलद: आज सात मिनिटांहून अधिक घेणारा 'मार्स' तिथे सहाच्या आसपास आटोपतो. हे दुसऱ्या फेरीत ऐका, पहिल्या नको.

निवडताना भाग मोजा. सात असावेत. आठवा 'प्लूटो' दिसला तर तो कॉलिन मॅथ्यूज या संगीतकाराने 2000 साली जोडलेला आहे. 1930 मध्ये प्लूटो सापडला तेव्हा होल्स्ट हयात होता, पण त्याने तो लिहिला नाही. जोडलेल्या रूपात 'नेपच्यून'ची अखेरची शांतता प्लूटोच्या सुरुवातीत मिसळते. नवख्या श्रोत्याने ते टाळावे.

तिसरी बैठक: ऋग्वेद

आता दुसरे दार. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर होल्स्टने संस्कृत साहित्याची इंग्रजी भाषांतरे वाचली. ती त्याला गाण्याजोगी वाटली नाहीत. म्हणून तो युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये मेबल बोड यांच्याकडे संस्कृत शिकला. पंडित झाला नाही. कोश आणि उपलब्ध भाषांतरे हाताशी घेऊन मूळ श्लोकातला शब्द न् शब्द पडताळता येईल इतके शिकला आणि इंग्रजी शब्द स्वतः रचले. भारतात तो कधी आला नाही.

त्यामुळे इथे राग शोधू नका. मराठी श्रोत्याची हमखास चूक हीच: 'ऋग्वेद' म्हटल्यावर वेदपठणाचे उदात्त-अनुदात्त किंवा निदान भूपाची सावली तरी ऐकू येईल अशी अपेक्षा, आणि मग इंग्रजी गायकवृंद ऐकून हिरमोड. होल्स्टने भारताकडून घेतला तो मुख्यतः शब्द आणि विचार. त्या शब्दांनी त्याच्या संगीताचे जे केले ते ऐकायचे आहे: विषम मात्रांची चलने, सजावट गळून पडलेली रेषा, एकाच आकृतीवर स्थिर उभे राहणे. तीन-चार वर्षांनी 'प्लॅनेट्स'मध्ये जे सापडते ते आधी इथे घडले.

ओपस 26 चा तिसरा गट आधी घ्या (1910). बायकांचा गायकवृंद आणि हार्प, एवढेच. चार सूक्ते, बारा-तेरा मिनिटे: उषा, आप, वेन, आणि वाटसरूंचे सूक्त, ज्यात पूषन् या मार्गरक्षक देवाची आळवणी आहे. होल्स्टची मुलगी इमोजेन, पर्सेल सिंगर्स हा गायकवृंद आणि हार्पवादक ओसियन एलिस यांचे ध्वनिमुद्रण शोधा. वेनाचे सूक्त सर्वांत हळूहळू उलगडते. धुक्यातून सूर्य वर येतो तसे आवाज एकेक करून दाट होत जातात. 'नेपच्यून'मधल्या अदृश्य बायकांचे आवाज मनात ताजे असतील तर इथे त्यांची आधीची ओळख पटते. 'नेपच्यून' आधी आणि हे नंतर असा क्रम त्यासाठीच ठेवला आहे.

मग पहिल्या गटातले 'अज्ञात देवाला' हे सूक्त. 'कस्मै देवाय हविषा विधेम' हे पालुपद माहीत असलेल्या वाचकाने दहाव्या मंडलातले 121 वे सूक्त मराठी अर्थासह समोर ठेवून ते ऐकावे. होल्स्टचा प्रश्न कुठे येतो, तो दरवेळी कसा वाढतो, ते लगेच दिसते.

पियानोसोबतची ओपस 24 मधली गाणी याहून अवघड आहेत. नऊपैकी तीन पुरेत: वाक्, नासदीय सूक्तावरचे सृष्टीचे गाणे आणि बेडकांचे गाणे. शेवटचे मंडूकसूक्तावर आहे. पावसाळ्यात ऐकायला ठेवा.

चौथी बैठक: 'सावित्री'

एक अंक, सुमारे तीस मिनिटे, तीन गायक: सावित्री, सत्यवान, मृत्यू. वादक बाराच: दोन तंतुवाद्य-चौकडी, एक डबल बास, दोन बासऱ्या, एक इंग्लिश हॉर्न. आणि पुन्हा एक अदृश्य स्त्री-वृंद, शब्दांशिवाय गाणारा. 1908 मध्ये लिहिला, 1916 मध्ये लंडनच्या सेंट जॉन्स वुड भागात पहिल्यांदा सादर झाला. याआधी रामायणावरच्या 'सीता' या लांबलचक ऑपेरात होल्स्टने कित्येक वर्षे घातली होती. ती वाग्नरच्या छायेत दबलेली होती हे त्याला पुढे कळले. 'सावित्री' ही त्या ओझ्यातून झालेली सुटका. मोठा वाद्यवृंद गेला, राजवाडे गेले, उरला एक जंगलातला मार्ग.

ऐकण्याआधी इंग्रजी संहिता मिळवून वाचा. ती होल्स्टचीच आणि छोटी आहे, दहा-पंधरा मिनिटांत होते. न वाचता ऐकले तर पहिली पाच मिनिटे कोण कुठून गातो तेच कळत नाही. कारण सुरुवातीला वाद्येच नाहीत. पडद्याआडून मृत्यूचा एकटा आवाज सावित्रीला हाक मारतो. ती उत्तर देते, तेही साथीशिवाय, आणि तिचा षड्ज वेगळा. दोघे एकमेकांवर गाऊ लागतात तेव्हा दोन स्वरजगे शेजारी उभी असतात, मिसळत नाहीत. ध्वनिमुद्रणात काही बिघडले की काय असे वाटून पुन्हा पहिल्यापासून लावू नका.

वटपौर्णिमेची कथा मनात घेऊन बसणाऱ्याला काय नाही ते आधी सांगायला हवे. नारदाचे भाकीत नाही, वड नाही, आंधळे सासरे नाहीत, त्यांचे राज्य परत मिळत नाही, शंभर पुत्रांचे वर नाहीत. वनपर्वातली सावित्री एकेक वर पदरात पाडत यमाला शब्दात पकडते. होल्स्टने ते सगळे एका वरात आटवले. इथला सत्यवान लाकूडतोड्या आहे. सावित्री मृत्यूचे स्वागत करते, त्याला न्यायी म्हणते. तो प्रसन्न होऊन तिच्या स्वतःसाठी काहीतरी माग म्हणतो, पतीचे प्राण सोडून. ती मागते जीवन, भरभरून, पूर्ण. तो देतो. मग ती म्हणते, सत्यवानाशिवाय हे जीवन पूर्ण कसे? मृत्यूला परतावे लागते. आणि सगळीकडून मायेची चर्चा: सत्यवान ज्याला माया म्हणतो ती, आणि शेवटी स्वतः मृत्यूही मायाच निघतो ती. कथेला कात्री लागली म्हणून नाराज होण्याआधी एवढे पाहा की अदृश्य वृंद नेमका कधी येतो. मृत्यू जवळ आला की येतो. भीतीचे संगीत नाही, दूरवरची शांतता आहे.

ध्वनिमुद्रणात निवड सोपी आहे: जॅनेट बेकर सावित्री, रॉबर्ट टिअर सत्यवान, टॉमस हेम्सली मृत्यू, संचालन होल्स्टची मुलगी इमोजेन (1965). इमोजेन स्वतः 1950–51 च्या हिवाळ्यात शांतिनिकेतनात राहून भारतीय संगीत शिकली होती.

कोणाला हे मंचावर करायचे मनात आले तर होल्स्टच्या सूचना ध्यानात ठेवा. उघड्यावर किंवा छोट्या सभागृहात करावे. उघड्यावर असेल तर मध्यभागी झाडांतून जाणारा लांब मार्ग हवा. पडदा लागत नाही. असलाच तर मृत्यूचा आवाज येण्याआधी उघडलेला असावा. संचालक, वादक, वृंद यांपैकी कोणीही श्रोत्यांना दिसू नये. मोठ्या नाट्यगृहात ध्वनिक्षेपकावर केले की पहिल्या हाकेतला एकटेपणा जातो. गायक श्रोत्यांपासून पंधरा-वीस पावलांवर असतील अशी जागा शोधा.

यानंतर

ज्यांना इथवर गोडी लागली त्यांनी 'एग्डन हीथ' (1927) घ्यावे, सुमारे तेरा मिनिटे. टॉमस हार्डीच्या कादंबरीतल्या ओसाड माळरानावरची ही रचना होल्स्टला आपली सर्वोत्तम वाटे. चाली लक्षात राहत नाहीत, टाळ्या मिळवणारी जागा एकही नाही. स्वयंपाक करता करता ऐकली तर काहीच झाले नाही असे वाटेल. रात्री, दिवे घालवून, एकदाच. 'बेनी मोरा' (1910) याच्या उलट: अल्जीरियात ऐकलेल्या बासरीच्या एका छोट्या आकृतीची तिसऱ्या भागात 163 वेळा पुनरावृत्ती आहे. 'मेघदूता'वरची 'द क्लाउड मेसेंजर' ही चाळीस मिनिटांहून मोठी रचना सर्वांत शेवटी ठेवा. 1913 मध्ये ती पडली, आणि होल्स्ट त्याने खचला होता. रामटेकला मेघदूताचा रामगिरी मानणाऱ्या आपल्याला तिच्याविषयी आपुलकी वाटणारच, पण ती सैल आहे. संचालक रिचर्ड हिकॉक्सचे ध्वनिमुद्रण आहे. यक्षाचा निरोप सुरू होतो तिथपासून ऐकले तरी चालेल.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना तीन ठिकाणे एकेका दिवसात होतात. चेल्टनहॅममध्ये क्लॅरेन्स रोडवरचे त्याचे जन्मघर आता संग्रहालय आहे, आणि त्याचा पियानो तिथे आहे. लंडनच्या पॅडिंग्टनहून गाडीने सुमारे दोन तास. उघडण्याचे वार आधी पाहून जा, रोज उघडे नसते. एसेक्समधल्या थॅक्स्टेडला रेल्वे नाही, बस किंवा गाडी लागते. शाळेच्या सुट्ट्यांत आणि शनिवार-रविवारी 'प्लॅनेट्स'चा बराच भाग तिथे लिहिला गेला. हाताच्या दुखण्यामुळे मोठी स्वरलिपी उतरवायला शाळेतल्या सहकारी व्हॅली लॅस्कर, नोरा डे आणि माजी विद्यार्थिनी जेन जोसेफ यांची मदत घ्यावी लागली. 'ज्युपिटर'मधल्या चालीला स्तोत्रसंग्रहात त्याने नाव दिले तेही 'थॅक्स्टेड'. 25 मे 1934 रोजी शस्त्रक्रियेनंतर लंडनमध्ये त्याचे निधन झाले आणि अस्थी चिचेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये पुरल्या आहेत. आत शिरल्यावर उत्तरेकडच्या बाजूला पाहा. लंडनहून तिथेही थेट गाडी जाते, आणि स्थानकापासून कॅथीड्रल चालत दहा मिनिटांवर आहे.